दहा हजार सातची कैफियत

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकते. नका ठेवू. माझं काही अडलेलं नाही. पण टोंगाच्या एका लहानशा बेटावर, जिथली पोरं शार्कच्या शेपटीला धरून पोहायला शिकतात आणि म्हातारे वादळ आलं की खुर्ची बाहेर काढून बघत बसतात, त्या बेटावर चांगली धडधाकट माणसं माझं नाव निघालं की कानात बोटं घालायची. माझं म्हणजे माझंच. मी कुणाला कधी चिमटासुद्धा काढलेला नाही.

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. दहा हजार सात. जन्म कधीचा म्हणाल तर दहा हजार सहाच्या पाठीवर मी आले, याहून जास्त मलाही ठाऊक नाही. तेव्हा मोजायला माणसं नव्हती, कोनफळाचे कंद होते की नाही कोण जाणे, पण मी होते.

मी मूळ संख्या आहे. शाळेत तुम्ही शिकला असालच: एकानं आणि स्वतःनं भाग जातो, बाकी कुणाची डाळ शिजत नाही. दोन आली, तीन आली, सात आली, तेरा आली, सगळ्या आपापले दात घेऊन आल्या आणि दात पाडून परत गेल्या. पाच आकडी संख्यांच्या गल्लीत शिरलात तर मूळ संख्यांपैकी पहिलं दार माझं. ह्याचा मला तरुणपणी फार ताठा होता.

माझ्यापुढे एक घर सोडून माझी जुळी बहीण राहते, दहा हजार नऊ. तीही मूळ. आम्हा दोघींना मिळून जोडमूळ म्हणतात. जुळ्या असून आमची नशिबं मात्र वेगळी. तिच्या आकड्यांचे वर्ग करा आणि मिळवा: एक आणि एक्क्याऐंशी, ब्याऐंशी. पुन्हा तसंच करा, अडुसष्ट. पुन्हा करा, शंभर. आणि मग एक. जी अशी एकापाशी पोचते तिला जाणकार आनंदी संख्या म्हणतात. माझे वर्ग करून बघा. पन्नास, पंचवीस, एकोणतीस, आणि पुढे घाण्याच्या बैलासारखं गोल गोल फिरणं, एक काही येत नाही. म्हणून मी दुःखी संख्या. हे मी रडून म्हणत नाही, पुस्तकात तसं छापलंय. तिच्याएवढी कोनफळं जमिनीवर चौकोनात मांडायची झाली तर दोन चौकोनांत काम होतं, एक शंभर गुणिले शंभरचा आणि एक चिमुकला तीन गुणिले तीनचा. माझ्याएवढी मांडायला दोन पुरत नाहीत, तीन पुरत नाहीत, चार चौकोन लागतात: नव्व्याण्णवचा, चौदाचा, तीनचा आणि शेवटी एकट्या कोनफळाचा. माझ्या नशिबी शेवटी एकटं काहीतरी उरतंच.

आणि आम्हा दोघी बहिणींच्या मधोमध कोण? दहा हजार आठ. दोनांत वाटा, तिनांत वाटा, चार, सहा, आठ, नऊ, बारा, कुणालाही नाही म्हणायची नाही. सगळ्यांची लाडकी. तिच्या भिंतीला भिंत लावून आयुष्य काढणं काय असतं ते मला विचारा.

बाकी आयुष्य म्हणजे दुर्लक्षच. लोक दहा हजारांपर्यंत येतात आणि ‘सुमारे’ म्हणून थांबतात. त्या एका शब्दानं माझं जेवढं नुकसान केलं तेवढं कुणी केलं नसेल. नाही म्हणायला दूरच्या देशांत संगणकवाल्यांनी मला काही वर्षं कामाला लावलं. त्यांना माहिती खणांत टाकायची असते. खण माझ्याएवढे ठेवले की एकाच खणात गर्दी होत नाही म्हणे. ‘किती छान मूळ आहे!’ असं एक चष्मेवाला मला म्हणाला होता. कौतुकाचं एवढंच वाक्य माझ्या वाट्याला आलं, ते मी जपून ठेवलंय. नंतर त्यानं माझ्याहून मोठी आणली.

आता बेटाचं सांगते.

बेटावर गावं दोन. एक वाऱ्याकडचं, एक खाडीकडचं, मध्ये टेकडी आणि टेकडीवरून एक वाट. दोन्ही गावांचं भांडण गाण्यावरून झालं. चर्चमधल्या समूहगायनाच्या स्पर्धेला मुख्य बेटावरून परीक्षक आणला होता. त्या भल्या माणसानं दोन्ही गावांना समान गुण दिले. दोन्ही गावांचा सारखाच अपमान झाला. वाऱ्याकडच्यांनी नीरफणसाचं एक जुनं झाड तोडून टेकडीच्या आपल्या बाजूच्या पायथ्याशी, किनाऱ्यालगत, वाटेत आडवं टाकलं आणि खाडीकडच्यांनी त्याच्यावर हात ठेवून शपथ घेतली की सलोखा होईपर्यंत हा ओंडका कुणी ओलांडणार नाही, ना पायी, ना होडीनं वळसा घालून. ओलांडणाऱ्याला पलीकडे कुणी दार उघडणार नाही.

सलोख्याची तिथली रीत जुनी आहे. दोन्ही गावांनी कोनफळं आणायची आणि ओंडक्याच्या समुद्राकडच्या टोकाला एकच सामाईक ढीग घालायचा. घरून निघताना मोजायची नाहीत. आपण देतोय ते मोजणं म्हणजे तिथं कद्रूपणाची हद्द. पाद्री ढिगावर प्रार्थना म्हणतो, आणि एकदा देवाला दाखवला की त्यात भर घालायची नाही, त्यातून काढायचंही नाही. मग वाहणारे पुढे होतात. टोंगात कोनफळं एकेक मोजत नाहीत, जोडीनं मोजतात, कारण माणसाला हात दोन. उजव्या हातातलं ओंडक्यापलीकडे खाडीकडच्यांना, डाव्या हातातलं अलीकडे वाऱ्याकडच्यांना. ओंडक्यावर बसलेली मोजणारी ओरडते, ‘जोडी!’ दहा जोड्या झाल्या की एक कोडी, आणि कोडीमागे नारळाच्या झावळीची एक हीर वाळूत रोवायची. शेवटच्या माणसाचे दोन्ही हात भरले तर सलोखा. एक हात रिकामा राहिला तर ढिगात एक पोरकं आलं, आणि मग पुढच्या वर्षीच्या कोनफळांपर्यंत वाट बंद.

गेल्या वर्षी मोजणी झाली. पाचशे कोडी, वर तीन जोड्या, आणि एक.

बरोबर. मीच.

तरी माणसं सहजासहजी ऐकतात थोडीच. पाद्री म्हणाला, ‘दोन नको, तीन वाटे करा. तिसरा चर्चला. त्यात काय पाप?’ केले. दोन उरली. कुणीतरी म्हणालं, गावं सोडा, कुळं धरा, कुळं सात आहेत. केले. चार उरली. एक म्हातारा भांडून आला की कुळं सात नव्हेत, अकराच आहेत, चार तुम्ही लबाडीनं वगळलीत. अकरा वाटे केले. आठ उरली! मी तिथं पडल्या पडल्या ओरडत होते की अरे बाबांनो, मी मूळ आहे, संध्याकाळपर्यंत वाटत बसलात तरी काहीतरी उरणारच. पण संख्येचा आवाज कुणाला ऐकू येतो? त्या दिवशी वगळलेल्या कुळांवरून दोन नवी भांडणं झाली आणि सगळ्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. तेव्हापासून बेटावर माझं नाव कुणी घेईना. पोरांच्या गणितातसुद्धा मला गाळायचे.

आता कालोलाइनेबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट खरं तर तिची आहे. मी आपली मध्ये येते.

कालोलाइने जन्मानं खाडीकडची, लग्नानं वाऱ्याकडची. दोन्ही गावांचा तिच्यावर विश्वास, म्हणून ओंडक्यावर बसून मोजायचं काम तिचं. आणि दुसरं म्हणजे बेटावरच्या निम्म्या पोरांना जगात आणलं ते तिच्या हातांनी. आडवं आलेलं मूल पोटावरून हात फिरवत फिरवत सरळ करावं ते तिनंच. तिची एकुलती एक लेक वैसिओआ खाडीकडे दिलेली. भांडण झालं तेव्हा लेक पलीकडे, आई अलीकडे. लेकीचे दिवस भरत आले ते हिला मासेमारीच्या होड्यांवरून ओरडून ओरडून कळलेलं.

यंदाच्या मोजणीच्या दिवशी पहाटेच खाडीकडून एक होडी आली आणि किनाऱ्याला न लागता लांबूनच ओरडली, ‘कालोलाइने! वैसिओआला कळा सुरू झाल्या! मूल आडवं आहे म्हणतायत!’

हिनं पाण्यात गुडघ्यापर्यंत जाऊन विचारलं, ‘कोण आहे तिच्याजवळ?’

‘सासू आहे!’

‘सासूला काय येतं?’

‘रडता येतं!’ होडीवाला म्हणाला आणि वल्ही मारत निघून गेला.

शपथ मोडून ती गेली असती तरी लेकीच्या सासऱ्यानं दार उघडलं नसतं. त्या घरातली माणसं वाईट नव्हती हो, शपथ पाळणारी होती. एवढा एकच मार्ग उरला होता. मोजणी सम यावी आणि वाट उघडावी.

कालोलाइनेनं तिथल्या रीतीप्रमाणे कमरेला मानाची चटई गुंडाळली आणि ओंडक्यावर येऊन बसली. पाद्रीची प्रार्थना झाली. ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना बायका बसल्या, येईल ते कोनफळ जोडीजोडीनं रांगेत लावायला. अलीकडे वाऱ्याकडचा प्रमुख पौलिआसी, पलीकडे खाडीकडचा प्रमुख लोलोहेआ, दोघेही हाताची घडी घालून एकमेकांच्या डोक्यावरून लांब कुठेतरी बघत उभे. दोघांचे आजोबा सख्खे भाऊ. उभं राहायची ढब एकच.

‘जोडी!’ कालोलाइने ओरडली. ‘जोडी! जोडी!’

वाहणाऱ्यांत हेपेती म्हणून एक होता, दारातून आत यायचं तर आडवा होऊन यायचा एवढा रुंद, आणि तोंडाला कुलूप नाही.

‘काकी, जरा हळू,’ तो म्हणाला. ‘गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट वेगानं ओरडतेयस. आम्ही माणसं आहोत, होड्या नाही.’

‘तू होडीच आहेस. चल, उचल.’

‘होडी असतो तर तुला पलीकडे नेऊन सोडली असती,’ हेपेती म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो ते त्याला कळलं. मग मात्र तो पळत पळत वाहायला लागला.

सकाळ सरली. ऊन डोक्यावर आलं. हिरांची रांग वाढत चालली. दर थोड्या वेळानं पलीकडची एखादी बाई कोनफळ लावता लावता मान वर न करता पुटपुटायची, ‘अजून नाही झाली,’ आणि कालोलाइने ‘जोडी!’ ओरडता ओरडता ते ऐकून घ्यायची. एकदा पलीकडून ‘आवाज बसलाय तिचा’ असं आलं. त्यानंतर कालोलाइनेचा स्वतःचाही आवाज बसला. ती घोगऱ्या आवाजात ओरडत राहिली.

पाचशेवी हीर वाळूत रोवली गेली आणि कालोलाइनेनं ढिगाकडे पाहिलं. ढीग कसला, वाळूवर पडलेली मोजकी टाळकी. तिनं डोळ्यांनीच मोजली.

सात.

मित्रांनो, मी अनेकांच्या नजरेत तिरस्कार पाहिलाय. ज्यांना भाग द्यायचा असतो आणि जात नाही त्यांची नजर मला पाठ आहे. पण त्या बाईनं ज्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं तशी नजर मला पुन्हा नको. राग नव्हता तिच्यात. ती मला विनवत होती. मला! आणि मी काय करणार? मी सहा होऊ शकत नाही, आठ होऊ शकत नाही. जन्मभर ज्या शेजारणीचा राग राग केला, त्या दहा हजार आठच्या जागी आपण असतो तर, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं आणि अंगावर काटा आला. अंग नसताना.

‘जोडी,’ ती म्हणाली. पाच उरली.

‘जोडी.’ तीन.

‘जोडी.’

हेपेती शेवटचा. त्यानं वाकून उजव्या हातात कोनफळ घेतलं, डावा हात वाळूवर फिरवला, आणि वाळूच हाती आली. तो वळला. त्याच्या रुंद पाठीमुळे मागच्या कुणाला काही दिसत नव्हतं. दिसत होतं ते फक्त ओंडक्यावरच्या कालोलाइनेला, आणि वाऱ्याकडच्या बायकांत पुढे बसलेल्या एका म्हातारीला, तिच्याबद्दल पुढे सांगते.

हेपेतीचे ओठ हलले. ‘काकी, पोरकं आहे...’

कालोलाइने त्याच्या रिकाम्या हाताकडे बघत राहिली. पलीकडून कोणीतरी हळूच म्हणालं, ‘पाणी गेलं म्हणतायत. मूल अजून आडवंच.’

‘जोडी!!’ कालोलाइने ओरडली. दिवसभरात इतक्या मोठ्यानं ती ओरडली नव्हती. ‘दहा हजार आठ! जोडीनं संपली!’

हेपेतीनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही हात झोकात फिरवले. एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवीकडे धप्प असा आवाज आला. डावीकडचा आवाज लोकांनी आपल्या मनानंच ऐकला, कारण तोवर दोन्ही बाजूंनी आरोळी उठली होती, आणि पाद्री ‘देवा, तू दयाळू आहेस’ म्हणत गुडघे टेकत होता.

मी तिथं वाळूवर जिवंत आणि माझ्या डोळ्यांदेखत दुसरीचं नाव पुकारलेलं. खोटं. राग यायला हवा होता. मी खरी मोजणी होते, आणि मला पुसून टाकलं होतं. पण सांगते, मी श्वास रोखून बसले होते की हे कुणाला कळू नये.

कळणारच होतं. पलीकडच्या बायकांनी शेवटचं कोनफळ रांगेत लावलं, जोडी पुरी झाली. लोलोहेआनं मान डोलावली. अलीकडच्या रांगेत शेवटी एकच कोनफळ होतं. त्याच्या शेजारची जागा रिकामी. जोडीला बसवायला हात पुढे करून बसलेली बाई इकडे बघते, तिकडे बघते, आपल्या मांडीखाली बघते.

‘आमचं एक कुठाय?’ पौलिआसी गरजला.

आरोळ्या थांबल्या.

‘बाई, नीट बघ,’ पौलिआसी म्हणाला. ‘खाली घरंगळलं असेल.’

‘नाही हो. आलंच नाही.’

‘आलं नाही म्हणजे? जोडी पुकारली ना? हेपेती! डाव्या हातातलं कुठे टाकलंस?’

हेपेतीनं डावा हात पाठीमागे नेला. कालोलाइने ओंडक्यावरून उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा राखेसारखा. खोटी मोजणी पुकारणाऱ्याचं त्या बेटावर काय होतं हे सांगत बसत नाही. तसं पूर्वी कुणी केलंच नव्हतं, त्यामुळे काय होतं ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते जास्त वाईट.

‘कालोलाइने,’ पौलिआसी हळू आवाजात म्हणाला, ‘देवाला साक्ष ठेवून सांग...’

‘मी खाल्लं,’ असा आवाज आला.

ही ती म्हातारी. फुसिपाला. पौलिआसीची सख्खी आत्या. आत्याचा मान आपल्याकडेही असतो, पण तिथल्यापुढे आपला म्हणजे काहीच नाही. भाच्याच्या वाट्याला आलेल्या कशालाही आत्यानं हात घालावा, डुक्कर उचलून न्यावं, नवी चटई ओढून घ्यावी, आणि भाच्यानं वर विचारावं, आत्या, आणखी काही हवं का? सामाईक ढिगाला मात्र तिला हात लावता येत नाही. म्हणून गेल्या वर्षी ती गप्प होती. पण ओंडक्याच्या अलीकडे पडलं ते भाच्याचं, आणि भाच्याचं ते तिचं.

‘आत्या?’ पौलिआसीचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला.

‘काय आत्या आत्या? भूक लागली होती. सकाळपासून बसवून ठेवलंयत म्हातारीला. माझ्या पुढ्यात पडलं, मी खाल्लं.’

‘अख्खं?’

‘मग काय, तुझ्यासाठी साल ठेवू?’

‘पण आत्या, कच्चं कोनफळ...’

‘कच्चं कशाला खाईन? भाजून खाल्लं! नारळाच्या दुधात बुडवून! बाळा, तू मला शिकवणार आहेस का कोनफळ कसं खायचं ते? तुझ्या बापाला मी भरवलंय.’

पौलिआसी मूर्ख नव्हता. गावातला कुणीच मूर्ख नव्हता. पण आत्याला खोटं पाडायचं म्हणजे बेटच समुद्रात बुडवण्यासारखं. आत्याला खोडून काढायचा हक्क अख्ख्या बेटावर एकाच व्यक्तीला होता, तिच्या थोरल्या बहिणीला, कारण आत्याची थोरली बहीण ती आत्याचीही वरचढ. तीही तिथंच बसली होती, फुसिपालाच्या शेजारी. तेलेसिआ तिचं नाव. ठार बहिरी नसली तरी ऐकलेलं तिच्या डोक्यात पोचायला वेळ लागायचा.

सगळ्यांच्या माना तेलेसिआकडे वळल्या. कालोलाइनेनं ओंडक्याची साल मुठीत घट्ट धरली होती. तिच्या नखांखाली रक्त आलं ते मी पाहिलं.

‘मोठ्या आत्या,’ पौलिआसी तिच्या कानाशी वाकून ओरडला, ‘धाकटी आत्या म्हणते, कोनफळ तिनं खाल्लं!’

तेलेसिआ हसली. तोंडात एक दात. ‘हो हो,’ ती म्हणाली. ‘देव तुझं भलं करो.’

पौलिआसीनं सुस्कारा सोडला. त्यानं फुसिपालाकडे पाहिलं, मग कालोलाइनेकडे, आणि का कोण जाणे, मग बराच वेळ रांगेतल्या त्या एकट्या कोनफळाकडे. म्हणजे माझ्याकडेच म्हणा ना. मग डोकं झुकवून म्हणाला, ‘आत्या, आणखी काही हवं का?’

‘शंख वाजव,’ फुसिपाला म्हणाली. ‘आणि पाणी दे. घसा कोरडा पडलाय.’

शंख वाजला. पौलिआसी आणि लोलोहेआनं ओंडक्यावरून एकमेकांचे हात धरले आणि लगेच दोघंही रडायला लागले. सारखंच रडले. शंख वाजला म्हणजे वाट उघडली. उघडलेली वाट पुन्हा बंद करायची तर सगळी कोनफळं पुन्हा पहिल्यापासून मोजायची, आणि तेवढा जोर आता कुणाच्या कंबरेत उरला नव्हता.

कालोलाइने थांबलीच नाही. चटई कमरेवरून सोडून तिनं हेपेतीच्या अंगावर टाकली आणि ओंडक्यावरून पलीकडे उडी घेतली. वय झालेली बाई, पण टेकडी अशी चढली की वाटेतल्या कोंबड्या दोन्ही बाजूंना उडाल्या. माथ्यावर तिची आकृती एकदा दिसली, मग दिसेनाशी झाली.

इकडे बायका गाणं म्हणू लागल्या. खाडीकडच्यांनी सुरुवात केली, वाऱ्याकडच्यांनी साथ धरली, आणि कुणाचं चांगलं ह्यावर या वेळी कुणी बोललं नाही. पोरांनी खड्डा खणला, दगड रचले, आणि ती उमू, म्हणजे जमिनीतली भट्टी, पेटवायच्या तयारीला लागली. पण गाणाऱ्यांतली प्रत्येक बाई टेकडीकडे डोळे लावून होती. फुसिपाला गात नव्हती. तिचा हात रांगेतल्या त्या एकट्या कोनफळावर होता, आणि ती ते हळूहळू थोपटत होती.

मित्रांनो, ह्या वेळेत माझ्या मनात काय काय आलं ते सांगते. शेवटी उरलेल्याला लोक अपशकुनी म्हणतात. वर्गात संघ पाडताना एक मुलगा उरतो, पंगतीत एक पान जास्त होतं, रांग लावली की कुणीतरी जोडीवाचून उभं राहतं, आणि सगळ्यांना वाटतं की ह्याच्यामुळे बिघडलं. त्याच्यामुळे काही बिघडलेलं नसतं. वाटायची रीत बिघडलेली असते. तुमच्याकडे कधी असं एकटं कुणी उरलं, तर हिशेब बसवण्यासाठी त्याला पुसू नका. थोडं सरकून त्याला जागा करा. पुसलं गेल्यावर कसं वाटतं ते मला विचारा. आणि हेही खरं की त्या दिवशी मला पुसलं नसतं तर...

टेकडीच्या माथ्यावर एक माणूस आला. लांबूनच त्यानं दोन्ही हात वर केले.

‘मुलगी!’ तो ओरडला. ‘सरळ झाली! कालोलाइनेनं हात लावला आणि सरळ झाली! आईही बरी आहे!’

मग जी आरोळी उठली तीत गाणं बुडालं. हेपेती वाळूत बसून लहान पोरासारखा रडला, हुंदक्यांच्या मधे म्हणत राहिला, ‘मी नाही रडत, माझ्या डोळ्यात वाळू गेलीय, सगळी वाळू गेलीय.’ पौलिआसी ओरडला, ‘अरे पेटवा, पेटवा! पोरीच्या नावानं पेटवा!’ आणि पोरांनी उमूला काडी लावली. दिवसातला पहिला धूर निघाला, जाड, पांढरा, गोडसर वासाचा, आणि वाऱ्यावर सरळ म्हाताऱ्यांच्या बाजूला आला.

तेलेसिआनं मान वर केली. नाक आकसून तिनं धूर हुंगला, एकदा, दोनदा. कपाळाला आठी पडली. मघाशी कानात शिरलेलं आता कुठे डोक्यात पोचत होतं.

‘फुसी,’ ती सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘उमू तर आत्ता पेटतोय. मग तू कोनफळ भाजलंस कशावर?’